मागच्या इंजिनाचा रकाना

आकडा खोटं बोलत नाही, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं भेटली की मी त्यांना जुलै महिन्यात आमच्या इगतपुरीला येण्याचं आमंत्रण देतो. पावसाळ्यात पेपरात आमच्या गावाचा पाऊस मिलिमीटरमध्ये छापून येतो. आकडा अगदी बिनचूक असतो. फक्त त्यात आठ दिवस दोरीवर लोंबकळूनही ओलाच राहिलेला बनियन नसतो, पोह्यांच्या डब्यातली बुरशी नसते, आणि ‘आज तरी ऊन पडेल’ म्हणून रोज सकाळी खिडकीशी उभी राहणारी आमची सौ. नसते. आकडा खोटं बोलत नाही हे मला मान्य आहे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, न मानून सांगतो कुणाला! माझी तक्रार एवढीच, की आकडा विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि आपण त्याला नेहमी एकच प्रश्न विचारतो. शेवटचा हात कुणाचा लागला?

या वादाला तोंड फुटलं ते दिवाळीत. आमचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, ठाण्याहून सुट्टीला आला होता. आमच्या लहानपणी दिवाळीत पहाटे उठायचं ते अभ्यंगस्नानासाठी. हा पहाटे उठला तो अमेरिकेतला बास्केटबॉल बघायला. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ, त्यामुळे तेल, उटणं आणि आजी अशी तिघंही बाथरूमच्या दाराशी ताटकळत उभी, आणि चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. सामना संपला तेव्हा त्यानं मला एक तक्ता दाखवला. त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. उभे-आडवे रकाने, आणि वर पीटीएस, आरईबी, एएसटी, एसटीएल, बीएलके असली अक्षरं. मला वाटलं, मध्य रेल्वेच्या स्टेशनांची यादी आहे. आमची इगतपुरी आयजीपी, तसं हे एएसटी कुठेतरी आसनगावच्या आसपास असेल!

“आजोबा, ह्याचे चौतीस पॉइंट्स बघा! काय खेळलाय!”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे...” त्यानं क्षणभर विचार केला. “बाकीचे होते.”

‘होते’ या एका शब्दानं माझी दिवाळी नासली. का नासली, ते सांगायला मला आधी स्टेशनवर जावं लागेल.

आमचं गाव घाटमाथ्यावर आहे. कसाऱ्याहून इगतपुरीला येणारा थळ घाट रेल्वेनं १८६५ साली जिंकला. चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणजे भारतातल्या मोठ्या रुळांवरच्या अतिशय अवघड चढांपैकी एक. मुंबईहून येणारी नेहमीची लांब पल्ल्याची गाडी या चढावर एकट्या इंजिनाच्या जिवावर येत नाही. कसाऱ्याला तिच्या ढुंगणाशी दोन-तीन इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला मागून रेटत, धापा टाकत, बोगद्यांतून वर आणतात. इगतपुरीला गाडी थांबते, प्रवासी वड्यांवर तुटून पडतात, आणि त्या गडबडीत मागची इंजिनं गुपचूप सुटतात आणि एकटीच घाट उतरून परत जातात. पुढची गाडी रेटायला. वेळापत्रकात गाडीचं नाव असतं, नंबर असतो, भोजनाची सोय असते. बँकरचं नाव नसतं. चहाचा कप हातात घेऊन “वा, काय झोकात घाट चढली आपली गाडी!” म्हणणारे प्रवासी मी फलाटावर शेकड्यांनी पाहिलेत. मागे वळून बघणारा एकही पाहिला नाही.

तर, बास्केटबॉलच्या तक्त्यात बँकरला रकाना आहे. एएसटी म्हणजे असिस्ट. ज्याच्या पासवर दुसऱ्यानं बास्केट केली, त्याच्या नावावर एक असिस्ट. नातवानं हे समजावून सांगितल्यावर मला त्या अमेरिकनांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. (त्याआधी फक्त त्यांच्या व्हिसाबद्दल भीती होती.) पण रकाना असला म्हणजे तो वाचला जातोच असं नाही. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी नावाच्या गावात विल्ट चेंबरलेन या सात फुटी गृहस्थांनी एका सामन्यात १०० गुण केले. त्यांच्या फिलाडेल्फिया वॉरियर्सनी न्यूयॉर्कला १६९–१४७ असं हरवलं. तो विक्रम अजून उभा आहे. कागदावर १०० लिहून तो हातात धरलेला चेंबरलेन यांचा फोटो जगभर छापला गेला. त्याच सामन्यात, त्याच संघात गाय रॉजर्स नावाचा खेळाडू होता. त्याचे असिस्ट २०. वीस वेळा त्यानं चेंडू कुणाच्या तरी हातात असा ठेवला, की घेणाऱ्याला फक्त तो रिंगमध्ये सोडायचं काम उरलं. वीस आकडा लिहून कागद हातात धरलेला रॉजर्स यांचा फोटो कुणी पाहिलाय?

आणि हे रकाना असलेल्यांचं झालं. ज्यांना रकानाच नव्हता त्यांचं काय? बिल रसेल हे बॉस्टनचे खेळाडू. तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदं मिळवून १९६९ साली निवृत्त झाले. समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवणं ही त्यांची विद्या. पण तिकडच्या लीगनं अडवलेल्या फेकी मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामापासून! म्हणजे ज्या कामासाठी हा माणूस ओळखला गेला, त्या कामाचा अधिकृत आकडा शून्यसुद्धा नाही. शून्य लिहायलासुद्धा जागा लागते.

“पण आजोबा, हे जुनं झालं,” नातू म्हणाला.

जुनं झालं? मग नवं ऐक. आणि वाचकहो, तुम्हीही ऐका, कारण इथून पुढे मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

१९८२ च्या जानेवारीत आमच्या गावात कॉलेजांच्या संघांची एक स्पर्धा झाली. सिमेंटचं मैदान, पावसाळ्यातलं शेवाळ घासून काढलेलं, तरी कोपऱ्यात थोडं हिरवं. गुणलेखक म्हणून मला बसवलं होतं. कारण एक, मी गणिताचा; कारण दोन, माझं अक्षर चांगलं. बास्केटबॉल मला कळतो की नाही, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. आता बास्केटबॉलच्या अधिकृत गुणपत्रिकेची गंमत अशी, की तिच्यात खेळाडूच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहितात. त्यानं केलेले गुण आणि त्यानं केलेले फाउल. तेव्हाही तसंच होतं, आजही आंतरराष्ट्रीय नियमांच्या गुणपत्रिकेत तसंच आहे. पास, रिबाउंड, अडवणूक, यांतलं काही तिथे लिहीत नाहीत. एक तर गुण मिळव, नाही तर गुन्हा कर, म्हणजे तू आमच्या दप्तरी जिवंत!

आमच्या गावच्या मुलांच्या संघात दोघं जण होते. सात नंबर आणि बारा नंबर. नावं सांगत नाही. सात नंबर देखणा, केस मागे वळवलेले, चेंडू हातात आला की रिंगमध्ये. बारा नंबर बोर्डाखाली उभा राहून कोपरं खायचा. चेंडू बोर्डावरून परत आला की चार जणांच्या वर हात घालून तो काढायचा आणि मान न वळवता सात नंबरला द्यायचा. समोरच्या संघाच्या उंच गड्याला तर त्यानं असा जखडून टाकला होता, की तो बिचारा रिंगकडे तोंड करायचंच विसरला. मी हे सगळं बघत होतो. डोळ्यांनी बघत होतो आणि हातानं सात नंबरचे गुण लिहीत होतो.

सामना संपायला आठ मिनिटं होती. आमची पोरं ९ गुणांनी पुढे. पंचांनी शिट्टी मारली, मी बारा नंबरच्या नावापुढे चौथा फाउल लिहिला. पाचवा झाला की गडी बाहेर, म्हणून त्यांच्या शिक्षकांनी त्याला जपून ठेवायला बाकावर बसवला. नंतरची आठ मिनिटं मला आठवतात ती घाटात गाडी मागे घरंगळावी तशी. आम्ही ४ गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरभरती करणारे एक साहेब माझी गुणपत्रिका बघायला आले. कुठल्या खात्याचे ते सांगण्यात अर्थ नाही. साहेब सगळीकडे सारखेच. त्यांनी बोट फिरवलं. सात नंबर, गुण २८. वा! बारा नंबर, गुण २, फाउल ४. “हा तर नुसताच आडदांड दिसतो,” असं म्हणून त्यांनी पत्रिका मिटली. मी तिथेच होतो. मला म्हणता आलं असतं, की साहेब, त्या अठ्ठावीसांतले निम्मे तरी याच्या हातून निघालेले आहेत. मी म्हणालो नाही. माझ्याकडे आकडा नव्हता ना! आणि गणिताचा मास्तर आकड्याशिवाय बोलला तर त्याची अब्रू काय राहील? सात नंबरला नोकरी लागली. ती त्याच्या लायकीचीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बारा नंबर त्यानंतर मैदानावर दिसला नाही.

हे मी घरात सांगितलं तेव्हा सौ. फराळाचं ताट घेऊन आली होती. ती शांतपणे म्हणाली, “त्यात नवीन काय? एक्केचाळीस वर्षांत तुम्ही माझ्या स्वयंपाकाबद्दल जेवढे वेळा बोललात, तेवढे वेळा मीठ चुकलं होतं. माझ्या पत्रिकेतही फाउलच लिहिलेत.” नातू फिदीफिदी हसला. मी चकली खाल्ली. चकली उत्तम झाली होती. पण त्या क्षणी तसं म्हणणं म्हणजे लाच दिल्यासारखं दिसलं असतं.

पण तिचं म्हणणं खोटं नाही, आणि ते आपल्या घरापुरतंही नाही. पानिपतच्या मोहिमेत पैसा आणि रसद यांची जबाबदारी असलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांचं नाव आपल्याला शाळेपासून का पाठ आहे? रसद पोचली म्हणून नव्हे! त्याआधीच्या मोहिमांत धान्याचे बैल हाकत नेणाऱ्या शेकडो माणसांनी फौजा पोसल्या, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगा. २०१५ साली आपल्याकडे बास्केटबॉलची एक व्यावसायिक लीग निघाली, तीत ‘पुणे पेशवे’ नावाचा संघ होता. मी नातवाला म्हटलं, नाव तरी चोख ठेवलं. पेशव्यांच्या संघात बैलवाल्यांचा रकाना कोण ठेवणार!

आता विरोधी पक्षाचं ऐकून घेऊ. आमच्या घरात विरोधी पक्ष चौदा वर्षांचा आहे आणि त्याचे मुद्दे तीन.

मुद्दा पहिला: “आजोबा, जे मोजता येतं तेच मोजणार ना!” हा मुद्दा मी शाळेत पुष्कळ वर्षं ऐकला. बिल रसेल १९६९ मध्ये मोजता येत नव्हते आणि १९७३ मध्ये येऊ लागले, ते काय चार वर्षांत चेंडू मोठा झाला म्हणून? मोजणाऱ्यानं मोजायचं ठरवलं, एवढंच झालं. आपण जे मोजतो ते सोपं असतं. आणि सोपं आहे म्हणून मोजलेलं हळूहळू महत्त्वाचं आहे असं वाटू लागतं. आपली कबड्डीच घ्या. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि घराघरांत चढाईचे गुण, पकडीचे गुण पाठ होऊ लागले. छान झालं. पण चढाईपटूला कोपऱ्याकडे नेणारा एक, त्याची परतीची वाट अडवणारा दुसरा, साखळी करून आडवे येणारे आणखी दोघं, आणि घोट्याला हात घालणारा पाचवा. पकडीचा गुण पडतो तो एकाच्या नावावर. बाकीचे होते!

मुद्दा दुसरा: “खरा स्टार कुणावर अवलंबून नसतो. तुमची वंदे भारत बघा, तिला बँकर लागत नाही.” हा मुद्दा ऐकून मला नातवाचा अभिमान वाटला आणि लगेच त्याची कीवही आली. २०२३ पासून शिर्डीला जाणारी वंदे भारत खरोखरच बँकरशिवाय आमचा घाट चढते. पण का चढते? तिला पुढे ओढणारं वेगळं इंजिनच नाही म्हणून! तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. म्हणजे रेल्वेनं एकट्या स्टारला घाट चढायला लावला नाही. तिनं बँकर बारीक करून सगळ्या गाडीखाली वाटून टाकला. बाळा, तू माझ्याच बाजूनं बोललास. विरोधी पक्षानं एक करंजी उचलली.

मुद्दा तिसरा मात्र वजनदार होता: “मग मोजायचं कसं?” आणि इथे त्यानंच मला तक्त्याच्या अगदी शेवटचा रकाना दाखवला. अधिक-उणे. खेळाडू मैदानावर असताना आपल्या संघानं किती गुण केले, समोरच्यांनी किती केले, आणि दोहोंतला फरक. बस्स. त्यानं चेंडूला हात लावला की नाही, हे विचारतच नाहीत. तो असताना गाडी घाट चढली की घरंगळली, एवढंच विचारतात. शेन बॅटिए नावाचा एक खेळाडू ह्यूस्टनच्या संघात होता. गुण बेताचे, रिबाउंड बेताचे. पण तो मैदानावर असला की त्याचा संघ सुधारायचा आणि समोरचा बिघडायचा. २००९ साली मायकेल लुईस या लेखकानं त्याच्यावर न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात मोठा लेख लिहिला, तेव्हा लोकांना कळलं की आकड्यांत न दिसणारा माणूस शोधायलाही आकडेच लागतात, फक्त वेगळे. पुढे त्या लीगनं २०१६ पासून आणखी रकाने काढले. अडथळा बनून उभं राहून दुसऱ्याला मोकळा करणं, सुटलेल्या चेंडूवर झेप घेणं, समोरच्याची धडक अंगावर घेणं, हे सगळं आता तिकडे मोजतात. मला हे ऐकून भरून आलं. आमच्या बँकरांना अमेरिकेत रकाना मिळाला!

नातू म्हणाला, अधिक-उणेही फसवं असतं. चांगल्या चौघांबरोबर उभा राहिलेला पाचवा फुकट अधिक होतो. खरं आहे. कुठलाच रकाना धुतल्या तांदळासारखा नसतो. म्हणून तर एकाऐवजी चार ठेवायचे. माझी मागणी फार मोठी नाही. तालुक्याच्या, कॉलेजांच्या, नवरात्र मंडळांच्या ज्या स्पर्धा होतात, तिथे ‘उत्कृष्ट खेळाडू’ म्हणून एकट्या सात नंबरला सायकल देऊ नका. गुणलेखकाशेजारी आणखी एक पोरगा वही घेऊन बसवा. पास, रिबाउंड, अडवणूक. तीन रकाने, आणि अधिक-उण्याचा चौथा. वही बावीस रुपयांना मिळते. आणि निवडीला येणाऱ्या साहेबांनी ती वही मागितल्याशिवाय पत्रिका मिटू नये. ज्याच्या पोटापाण्याचा निकाल लागायचा आहे, त्याच्याबद्दल चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

मी नातवाला बारा नंबरची हकिगत पुन्हा सांगितली. त्यानं बोटांवर हिशेब केला. सुरुवातीपासून तो बसेपर्यंत संघ ९ नी पुढे. तो बसल्यावर ९ पुढचे ४ मागे, म्हणजे आठ मिनिटांत १३ चा खड्डा. “आजोबा, तो प्लस नाइन होता!” तो ओरडला. चव्वेचाळीस वर्षं लागली हा आकडा निघायला, आणि वजाबाकी दुसरीतली!

त्यानंतर मला राहवेना. बारा नंबरचं घोटीला तांदळाचं दुकान आहे, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी तांदूळ दुसरीकडून आणत होतो, हेही त्याचंच कारण. भाऊबीज झाल्यावर गेलो. केस पांढरे, खांदे तसेच. बोर्डाखालचे. “या सर,” म्हणून त्यानं खुर्ची पुसून दिली. मी पाच किलो इंद्रायणी सांगितला आणि तो काट्याशी असताना, पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं जातं म्हणून, सगळं बोलून टाकलं. साहेब, पत्रिका, माझं गप्प बसणं, अधिक नऊ.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, फाउल तीन होते.”

“काय?”

“चौथा अकरा नंबरचा होता. पंचांनी एक मूठ आणि एक बोट दाखवलं. अकरा. तुम्ही दोन बोटं वाचली.”

म्हणजे त्याच्याबद्दल माझ्या दप्तरात जे थोडंफार लिहिलं होतं, तेही चुकलेलं! माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “अरे, मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

“सर होतात ना तुम्ही,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

काटा पाच किलोवर स्थिर झाला. त्यानं पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि पोत्यात हात घालून एक भली मोठी ओंजळ वर टाकली. मी पैसे काढायला लागलो तर म्हणाला, “हे बिलात नाही सर. लिहू नका.”

म्हणून इथे लिहिलं.